कोऱ्या ओळीचा एप्रिल

एप्रिल आला की आमच्या कंपनीच्या बसमध्ये पडद्यांवरून भांडणं सुरू होतात. पडदा ओढावा तर शेजारच्याला बाहेर बघायचं असतं, न ओढावा तर ऊन थेट तोंडावर येतं. कोंढव्याहून हिंजवडीला पोचायला दीड तास लागतो, पुलावर कोणाची गाडी बंद पडली असेल तर दोन. सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि मला जागा कायम उजवीकडची मिळते. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी पुण्याचा उन्हाळा फक्त एका गालानं सोसत आले आहे.

परवा बस अशीच पुलाआधी थांबली होती. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला फुलोरा आला होता आणि त्याचा तो कडवट, किंचित गोड वास खिडकीच्या फटीतून आत येत होता. हा वास आला की माझ्या पोटात अजून परीक्षा सुरू होते. शाळेच्या दिवसांत पेपरला जाण्याआधी कडुनिंबाखाली बसून शेवटचं वाचायचं, पुस्तकात ती बारीक पांढरी फुलं पडायची, ती तशीच पानांत ठेवून वर्गात जायचं. तेवढ्यात फोनवर ऑफिसातल्या प्रज्ञाचा निरोप आला. ‘रविवारी परीक्षा. जुनं काढलं का?’ मी लिहिलं, ‘काल काढलं. आधी यादी वाचली.’ तिनं फक्त अंगठा पाठवला. मी पडदा सोडून दिला आणि ऊन गालावर येऊ दिलं. तीन वर्षं झाली, तरी दर एप्रिलला हा अंगठा आल्यावर मला जे हलकं वाटतं, त्याचं कारण सांगायचं तर त्या रविवारबद्दल सांगावं लागेल.

आमची कंपनी लहान आहे. खासगी शिकवणीवाल्यांना ऑनलाइन परीक्षा घ्यायची सोय आम्ही करून देतो. परीक्षेच्या दिवशी मुलं झुंडीनं येतात आणि मग आठवडाभर कोणी फिरकत नाही. म्हणून आमचं सगळं काम क्लस्टरवर चालतं. क्लस्टर म्हणजे भाड्यानं घेतलेली, एकत्र जोडलेली पुष्कळ यंत्रं. त्यांच्यावर आमचे प्रोग्राम कंटेनरमधून चालतात, म्हणजे आपापल्या बंद डब्यांतून. परीक्षा आली की डबे वाढवायचे, संपली की काढून टाकायचे. मुलांची उत्तरं मात्र डब्यात नसतात, ती डब्याला जोडलेल्या डिस्कवर असतात. डबा मोडला तर दुसरा उभा करता येतो. डिस्क गेली की मुलाचा पेपर गेला.

या कंपनीत मी लागले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. मधली दहा वर्षं घर आणि दोन मुली सांभाळण्यात गेली होती. माझी वरिष्ठ प्रज्ञा कांबळे माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. ती येरवड्यात वाढली आणि कोणी काही बोलायच्या आत ‘वडील पोस्टात होते, आत नव्हते’ असं सांगून टाकते, म्हणजे पुढचा विनोद वाचतो. एरवी ती मला नसीमताई म्हणते. काही चुकलं तर नुसतं ‘ताई’. बाकीची मुलं मला सगळं दोनदा समजावून सांगायची, सावकाश, रस्ता ओलांडायला हात धरल्यासारखं. राग यायचा, पण मला ते दोनदा ऐकणं लागायचंही, हे खरं.

सुरुवातीला डबे आणि डिस्का काढायचं काम हातानं चाले. एकेक आज्ञा टाइप करायची, नाव तपासायचं, एंटर दाबायचा. परीक्षा झाल्यावर अशा पन्नास-साठ आज्ञा. नाकी नऊ यायचे. मग मी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. क्लस्टरशी आपल्या प्रोग्राममधूनच बोलता यावं म्हणून एक तयार क्लायंट लायब्ररी मिळते. आपण तिला साध्या शब्दांत सांगायचं, अमुक लेबल लावलेल्या डिस्कांची यादी आण, अमुक लेबलवाल्या काढून टाक. ती निरोप घेऊन जाते आणि उत्तर घेऊन येते. कुरकुर नाही, उलट प्रश्न नाही. आमच्या घरात असं कोणीच नसल्यामुळे मला तिचं फार कौतुक वाटायचं. त्या ऑफिसात सगळ्यांनी वापरलेली माझी ती पहिली वस्तू होती. कोणी म्हणालं, ‘नसीमताईंची स्क्रिप्ट चालव,’ की मी मान खाली घालून चहा पीत राहायची आणि मनातून फुगायची.

तो रविवार दहावीच्या परीक्षेनंतरचा होता. एका शिकवणीवाल्यानं शिष्यवृत्तीची परीक्षा ठेवली होती. पहिल्या वीस मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षांची शिकवणी फुकट मिळणार होती. नऊ केंद्रं, दहा ते एक वेळ. आम्ही दोघीच ऑफिसात होतो. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता आणि आत एसीमुळे मी शाल पांघरून बसले होते. समोरच्या इमारतीच्या काचेत आमचीच इमारत दिसत होती. हिंजवडीत रविवारी अशी शांतता असते की उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं सातव्या मजल्यावर ऐकू येतात.

सव्वाअकराला प्रज्ञा म्हणाली, “नसीमताई, स्टोरेज फुल होत आलंय. मागच्या रविवारच्या सराव परीक्षेच्या डिस्क उडवता का? तुमची स्क्रिप्ट रन करा, पाच मिनिटांचं काम आहे.”

काम खरंच पाच मिनिटांचं होतं. एका फाइलमध्ये काढायच्या परीक्षेचं लेबल लिहायचं. एक ओळ, एक लेबल. मी मागच्या रविवारचं लेबल लिहिलं आणि ओळ संपली म्हणून एंटर दाबला. आयुष्यभर वाक्य संपल्यावर मी एंटर दाबत आले आहे. त्यामुळे खाली एक कोरी ओळ तयार झाली. ती मला दिसली नाही, कारण कोऱ्या ओळीत दिसण्यासारखं काही नसतं.

प्रोग्रामनं पहिली ओळ वाचली आणि मागच्या रविवारच्या सहा डिस्का काढल्या. सहा नावं पडद्यावर आली. मग त्यानं दुसरी ओळही तितक्याच इमानानं वाचली. काढून टाक, लेबल कोरं. कोरं म्हटल्यावर तुम्हा-आम्हाला वाटेल, काहीच काढायचं नाही. क्लस्टरचा हिशेब वेगळा. लेबल नाही म्हणजे अट नाही, आणि अट नाही म्हणजे सगळंच. पडद्यावर सातवं नाव आलं. मग आठवं. त्या नावांमध्ये आजची तारीख होती.

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली, नीट घडी घालून ठेवली हेही आठवतं. मग म्हणाले, “प्रज्ञा, जरा इकडे येतेस?”

ती आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “ताई.”

“गेल्या का सगळ्या?”

तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. नऊही केंद्रांच्या डिस्कांपुढे एकच शेरा दिसत होता, की ही काढली जात आहे. ‘काढली’ नव्हे, ‘काढली जात आहे’. “गेल्या नाहीत,” ती म्हणाली. “मुलं लिहितायत म्हणून गेल्या नाहीत. कंटेनर डिस्क वापरतोय तोपर्यंत क्लस्टर ती काढत नाही. नोटीस लावतो आणि वाट बघत बसतो.”

“मग नोटीस काढून टाकू.”

“ती मागे घेता येत नाही.” तिनं खुर्ची ओढली. “आता कशालाही हात लावायचा नाही. एक कंटेनर जरी रिस्टार्ट झाला, तरी त्या सेंटरचे पेपर गेले.”

हिंजवडीच्या हॉस्टेलांत भाडेकरूला काढायचं असलं की असंच करतात म्हणे. माणूस खोलीत असेपर्यंत मालक सामानाला हात लावत नाही, पण दूध आणायला खाली उतरलात की वर कुलूप बदललेलं. नऊ गावांतली मुलं त्या वेळी खोलीत होती. ती लिहीत होती, एवढाच काय तो त्यांचा आणि माझा आधार होता.

लोक म्हणतात, अशा वेळी डोकं सुन्न होतं. माझं उलट भलतीकडेच धावलं. मला अब्बा आठवले. ते कॅम्पातल्या एका शाळेत कारकून होते आणि संध्याकाळी मोहल्ल्यातले सगळे त्यांच्याकडून अर्ज भरून घ्यायचे. रेशनकार्ड, दाखले, शाळाप्रवेश. जिथे लिहायला काही नसेल तिथे ते आडवी रेघ मारत. मधलं नाव नाही, रेघ. दुसरा पत्ता नाही, रेघ. मी विचारलं होतं, नाहीच काही तर रेघ कशाला? ते म्हणाले होते, “खाली नक्को छोड. तू छोडेगी तो कोई और भरेगा.” आम्ही तर उत्तरपत्रिकेत उरलेल्या कोऱ्या पानांवरही तिरक्या रेघा मारत असू. पर्यवेक्षक बाई उभ्या राहून मारून घ्यायच्या आणि मगच पेपर उचलायच्या. कोऱ्या जागेला घाबरणाऱ्या माणसांच्या हाताखाली मी लहानाची मोठी झाले आणि चाळिशी उलटल्यावर एक कोरी ओळ सोडून आले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

प्रज्ञाच्या डोक्यात मात्र पुढचं सुरू झालं होतं. प्रत्येक डिस्कच्या मागे खरीखुरी जागा असते आणि तिच्या नोंदीत लिहिलेलं असतं, की डिस्क काढली तर ही जागा पुसायची की राखायची. आमच्याकडे सगळीकडे ‘पुसायची’ होतं. तेवढं बदलता आलं, तर डिस्क गेली तरी आतली उत्तरं राहणार होती. आणि ते बदलायला त्याच लायब्ररीकडे जायचं होतं, जिनं निमूटपणे हा घोळ करून दिला होता.

“लिहा,” ती म्हणाली.

“मी?”

“तुम्हीच. पण ‘सगळ्यांना लाव’ असलं काही नको. नऊ नावं, नऊ ओळी, हातानं.”

मला आजही वाटतं, तिनं त्या वेळी कीबोर्ड स्वतःकडे ओढला असता तर मी पुन्हा कधी क्लस्टरला हात लावला नसता. मी एकेक नाव पूर्ण लिहिलं. घामानं बोटं घसरत होती, एसी असून. नऊ ओळी झाल्या. मी शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबणार तेवढ्यात प्रज्ञानं माझं मनगट धरलं. मग निरोप गेला, उत्तर आलं आणि यादीत नऊ ठिकाणी ‘राखायची’ असं दिसलं. क्लस्टरला स्वतःहून डबे इकडचे तिकडे हलवायची खोड असते, तीही तिनं तेवढ्यापुरती बंद केली.

आता उत्तरं पुसली जाणार नव्हती. पण एखादा डबा बंद पडला तर त्याला ती डिस्क परत मिळाली नसती, आणि तिथल्या मुलांसमोरचा पेपर मधूनच नाहीसा झाला असता. परीक्षा संपायला सव्वा तास होता. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. शेताची राखण करणाऱ्या बाया बसतात तशा. प्रज्ञानं जेवणाच्या डब्यातून मीठ-मसाला लावलेली कैरी काढली आणि मधे ठेवली. दोघींनीही ती खाल्ली नाही.

बाराच्या सुमाराला लोणी काळभोरच्या केंद्रावरून शितोळे सरांचा फोन आला. तिथली व्यवस्था ते बघत. “म्याडम, आमच्या सव्वीस पोरी उशिरा बसल्यात. एसटी थेऊरफाट्याला बंद पडली, पोरी उन्हाच्या चालत आल्या. वेळ तर एकचीच दावतंय. अर्धा तास वाढवून द्या की.”

वेळ वाढवायची आमची नेहमीची पद्धत सोपी होती. आकडा बदलायचा आणि डबा बंद करून पुन्हा सुरू करायचा. मी फोनवर हात ठेवला आणि प्रज्ञाला सांगितलं.

“नाही म्हणून सांगा,” ती म्हणाली.

मी हात काढला तर सर बोलतच होते. “त्यांचा काय दोष न्हाई ओ. यातल्या आठ-धा जणींचं पुढचं शिक्षण ह्याच्यावरच हाय. न्हाईतर घरचे म्हणत्यात, झाली दहावी, बास झालं.”

मी म्हणाले, “सर, वाढवून देतो.” प्रज्ञानं माझ्याकडे जे बघितलं, ते पुणेरी पाट्यांवरही कोणी लिहिणार नाही. पण मग तीच पुढे सरकली. डब्याला हात न लावता वेळ बदलायची एक वाट होती. प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या नोंदीत त्याची वेळ असते आणि प्रोग्राम दर मिनिटाला ती बघतो. त्या नोंदी एकेक करून बदलायच्या होत्या, सव्वीस मुलींच्या, आणि त्या हातानं बदलताना एक जरी चुकली तरी त्या मुलीचा पेपर मधेच बंद होणार होता.

प्रज्ञा यादीतून नाव वाचायची, मी शोधून बदलायची आणि तेच नाव परत वाचून दाखवायची. साक्षी. साक्षी, झालं. वैष्णवी. वैष्णवी, झालं. आलिया. पायल. दोन प्रतीक्षा होत्या, त्यांची आडनावंही वाचली. तोवर लोणी काळभोर ही माझ्या लेखी एक डिस्क होती, फार तर एक लेबल. त्या अर्ध्या तासात मला कळलं की तिच्यावर उन्हातून चालत आलेल्या मुली आहेत आणि त्यांतल्या एकीनं चौथ्या प्रश्नाचं उत्तर तीनदा पुसून पुन्हा लिहिलं आहे. पडद्यावर ते दिसत होतं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, लिही गं बाई, जरा जपून लिही, पण थांबू नकोस.

एक वाजता आठ केंद्रांची परीक्षा संपली. डबे चालू ठेवूनच प्रज्ञानं त्यांची उत्तरं दुसऱ्या सुरक्षित जागी उतरवून घेतली. दीड वाजता लोणीची संपली. तिचीही उतरवली. मग आम्ही प्रत्येक केंद्रावर किती मुलं बसली आणि किती पेपर हाती आले ते जुळवलं. नऊही ठिकाणी जुळलं. एकदा माझ्याकडून, एकदा तिच्याकडून. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर मला इतकी भूक लागली की ती कैरी मी एकटीनं संपवली.

शेवटी डबे बंद केले. नऊ डिस्का एकामागून एक नाहीशा झाल्या, नोटिशीत म्हटल्याप्रमाणे. क्लस्टर दोन तास दहा मिनिटं मुलांचं लिहून व्हायची वाट बघत थांबला होता. ज्यानं कोणी हा नियम त्यात घातला, त्याचं नाव मला माहीत नाही. पण माझ्यासारखी माणसं असतात हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं ते अगदी सहजपणे घेतलं होतं. तेव्हापासून मी यंत्राला बिनहृदयाचं म्हणत नाही.

परतीच्या रिकाम्या बसमध्ये मला एवढी झोप लागली की कोंढवा येऊन गेल्यावर ड्रायव्हरनं उठवलं. घरी अब्बा गॅलरीत माठाशेजारी बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी सगळं मोठ्यानं सांगितलं, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळलं. त्यांनी क्लस्टर वगैरे सोडून दिलं. एवढंच विचारलं, “बच्चों के पर्चे?”

“मिल गये, अब्बा.”

“बस फिर,” ते म्हणाले आणि मला ग्लासभर पाणी ओतून दिलं. वाळ्याचं पाणी होतं. ते पिऊन झाल्यावर मी पहिल्यांदा रडले.

सोमवारी मी झाल्या प्रकाराचा अहवाल लिहिला, काही न लपवता, आणि मुद्दाम प्रज्ञालाच आधी दाखवला. मला वाटत होतं, आता मलाच काढतील. तिनं वाचून एक-दोन वाक्यं दुरुस्त केली. मी विचारलं, “माझं काय होईल?”

“तुम्हाला काढून काय करू?” ती म्हणाली. “नवीन माणूस पुन्हा कोरी ओळ सोडेल. तुम्ही तरी आता सोडणार नाही.”

तिचं म्हणणं खरं ठरलं. आता माझा प्रोग्राम कोरी ओळ दिसली की जागीच थांबतो. जे काढायचं त्याची आधी यादी दाखवतो, आणि शेजारच्या माणसानं ती मोठ्यानं वाचल्याशिवाय आम्ही कोणी पुढे जात नाही. नवी मुलं हसतात. ऑफिसभर नावांचा गजर चाललेला असतो, कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं असं एकजण म्हणाला. म्हणू दे. दर एप्रिलला मी नव्यांना ही गोष्ट सांगते. सांगताना आता मधून हसूही येतं, विशेषतः शालीच्या घडीपाशी.

त्याच सोमवारी दुपारी केंद्रांकडून मुलांचे अभिप्राय आले. परीक्षा देताना काही अडचण आली का, असा एक प्रश्न आम्ही नेहमी विचारतो. मी लोणी काळभोरचे अभिप्राय उघडले ते चूक शोधायलाच. कोणाचा पेपर क्षणभर गेला असेल, कोणाचं उत्तर उमटलं नसेल, कोणीतरी काहीतरी बघितलं असेल. सव्वीसही अभिप्राय मी वाचले. पंचवीस जणींनी ‘नाही’ लिहिलं होतं. एकीनं लिहिलं होतं, ‘खिडकीजवळचा पंखा बंद होता, खूप गरम होत होतं. बाकी काही अडचण आली नाही.’

मी ते प्रज्ञाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पंखा आपल्या स्कोपमध्ये येत नाही,” आणि मग कितीतरी वेळ आम्ही दोघी हसत राहिलो. डोळे पुसून मी शितोळे सरांना फोन लावला आणि खिडकीजवळचा पंखा तेवढा दुरुस्त करून घ्या म्हणून सांगितलं.

“एवढ्यासाठी फोन केला व्हय, म्याडम?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “एवढ्यासाठीच.”